अमेरिकन यादवी युद्ध आणि दक्षिण कोकण

अमेरिकन यादवी युद्ध (१८६१–१८६५) हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तरेकडील राज्ये आणि गुलामगिरी टिकवून धरण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील अकरा राज्ये यांच्यात झालेले युद्ध होय. या युद्धामुळे इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खुंटला आणि त्याची उणीव भरून काढण्याचा भार मुख्यतः मुंबई इलाख्यावर येऊन पडला. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे देवगड, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात, कापूस पिकत नव्हता. तरीही बंदर, घाटवाट, धान्याची महागाई आणि मुंबईतील मजुरी या चार मार्गांनी युद्धाचे परिणाम येथवर पोहोचले. मराठी वैचारिक वाङ्मयातही या युद्धाचा एक महत्त्वाचा पडसाद जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात उमटला.

युद्धाची पार्श्वभूमी

१८६० च्या शिरगणतीनुसार अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीत होती. त्यांपैकी बहुसंख्य दक्षिणेतील राज्यांत राहत आणि त्यांच्या श्रमाचे मुख्य पीक कापूस हे होते. नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा विस्तार होऊ नये, अशी भूमिका घेणारे अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना राज्याने संघराज्यातून बाहेर पडल्याचे जाहीर केले. इतर दक्षिणी राज्ये त्यामागोमाग फुटली आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर झालेल्या तोफांच्या माऱ्याने युद्धाला तोंड लागले. घटनात्मक वाद राज्यांच्या अधिकारांच्या भाषेत मांडला गेला, तरी फुटून निघालेल्या राज्यांच्या स्वतःच्या जाहीरनाम्यांतच गुलामगिरीचे रक्षण हे कारण उघडपणे नोंदलेले आहे.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा अमलात आणली. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. १४ एप्रिलला लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली व दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घटनेची तेरावी दुरुस्ती संमत होऊन संपूर्ण देशात गुलामगिरी संपुष्टात आली. या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मरण पावले.

कापसाचा दुष्काळ

युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून येत असे. भारताचा वाटा सहाव्या-सातव्या हिश्श्याच्या आसपास होता. भारतीय कापूस आखूड धाग्याचा, कचरा व सरकी मिसळलेला म्हणून बदनाम होता. 'सुरत' या नावाने तो ओळखला जाई आणि लँकेशायरमध्ये तो शब्दच निकृष्ट मालाला लावला जाऊ लागला होता.

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेनेही आरंभी आपण होऊन कापूस अडवून धरला, कारण कापसावाचून इंग्लंडचे चालणार नाही आणि ते आपल्या बाजूने उभे राहील, असा तिचा हिशेब होता. तो चुकला. लँकेशायरमधील गोदामांत आधीचा माल शिल्लक असल्याने १८६१ मध्ये टंचाई फारशी जाणवली नाही. पण १८६२ च्या अखेरीस तेथे सुमारे पाच लाख माणसे मदतीवर जगत होती. त्या वर्षी इंग्लंडला मिळालेल्या कापसात भारताचा वाटा तीन चतुर्थांशांवर गेला. १८६० मध्ये भारतातून इंग्लंडला सुमारे २० कोटी पौंड वजनाचा कापूस गेला होता. १८६४ मध्ये हा आकडा ५० कोटींच्या घरात पोहोचला. परिमाणापेक्षाही भाव अधिक वेगाने चढले. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी (७८४ पौंड) युद्धाच्या ऐन भरात पूर्वीच्या चौपट-पाचपट दराने विकली जात होती.

तत्कालीन दक्षिण कोकण

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. युद्धकाळात मालवण, वेंगुर्ले व देवगड ही बंदरे मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होती. मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून इंग्रजांनी १८१२ च्या तहांन्वये मिळविले होते. समुद्री लुटारूपणाचा बंदोबस्त हे त्यासाठी पुढे केलेले कारण होते. मागचा डोंगराळ मुलूख सावंतवाडी संस्थानाचा होता, पण त्याचा कारभार १८३८ पासून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होता. तेरेखोल नदीपलीकडे पोर्तुगीजांचा गोवा सुरू होई. त्यामुळे घाटावरून आलेल्या गाडीला समुद्र गाठेपर्यंत इंग्रजी, संस्थानी आणि पुन्हा इंग्रजी अशा हद्दी ओलांडाव्या लागत.

जमीन खडकाळ, भातशेती पावसावर अवलंबून आणि बराचसा मुलूख खोतीचा. वर्षभर पुरेल इतके धान्य या भागात बहुधा पिकत नसे. उरलेले घाटावरून किंवा समुद्रमार्गे विकत आणावे लागे, आणि त्यासाठी लागणारा रोख पैसा मीठ, नारळ, सुकी मासळी, काथ्या यांच्या विक्रीतून व बाहेरगावच्या नोकरीतून येई. पुढील घटनाक्रम समजण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

धारवाडचा कापूस आणि वेंगुर्ले बंदर

बेळगाव व धारवाड हे सह्याद्रीपलीकडील जिल्हे कापसाचे आगर होते. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतील कापूसमळ्यांचा अनुभव असलेल्या दहा जणांना भारतात आणले होते आणि त्यांतील काहींना मुंबई इलाख्यात नेमले होते. बहुतेक ठिकाणी त्यांचे प्रयोग फसले. धारवाड भागात मात्र न्यू ऑर्लिन्स जातीचे बियाणे रुजले व 'धारवाड-अमेरिकन' नावाचा लांब धाग्याचा कापूस पिकू लागला. धारवाडला सरकी काढण्याची दातेरी यंत्रे बनविणारा सरकारी कारखानाही निघाला. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांत वाढलेले पीक येथे लहान शेतकऱ्याच्या वावरात आले आणि वीस वर्षांनी, ते मळे युद्धात सापडल्यावर, त्याच पिकाकडे मँचेस्टरचे डोळे लागले.

या कापसाला मुंबई गाठण्यासाठी समुद्रच जवळचा होता. रेल्वे दक्षिण महाराष्ट्रात अजून आलेली नव्हती. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाची चढणच १८६३ मध्ये खुली झाली. त्यामुळे माल घाट उतरून कुमठा, वेंगुर्ले अशा बंदरांत येई. कुमठ्याहून जाणारा माल एवढा मोठा होता की त्या भागातील देशी कापसाला व्यापारात 'कुमठा' हेच नाव पडले, वास्तविक कुमठ्याला कापूस पिकत नसे. वेंगुर्ले हे प्रामुख्याने बेळगावचे बंदर. बेळगावच्या लष्करी छावणीचे सामान, विलायती कापड आणि मीठ येथून रामघाटाने वर जाई. कापूस, गळिताची धान्ये व इतर शेतमाल त्याच वाटेने खाली येई. म्हणजे वेंगुर्ल्याचा कापूसव्यापार या युद्धाने निर्माण केला नाही. वाट आधीच रुळलेली होती. युद्धाने त्या वाटेवरच्या मालाची किंमत बदलली.

वेंगुर्ले ते बेळगाव हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे. रामघाटाची चढण गाड्यांना अवघड होती, त्यामुळे लमाण व इतर तांडेवाल्यांच्या बैलांच्या पाठीवरून बरीच वाहतूक होत असे. उत्तरेकडे फोंडाघाटाची वाट कोल्हापूर-निपाणी भागाला देवगड-खारेपाटणच्या बाजूशी जोडत होती. आंबोली (पारपोली) घाटाचा गाडीरस्ता तयार झाल्यावर रामघाटाचे महत्त्व कमी झाले. कापूस बंदरापर्यंत लवकर पोहोचावा या मागणीमुळे त्या काळात सह्याद्रीतील घाटरस्त्यांच्या कामांना सरकारदरबारी अग्रक्रम मिळू लागला होता.

या व्यापाराची खरी अडचण ऋतुचक्राची होती. धारवाडी कापूस पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरला जातो आणि त्याची वेचणी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चालते. वेचणी, सरकी काढणे, बोजे बांधणे आणि घाट उतरणे एवढे होईपर्यंत वैशाख उजाडे. मृग नक्षत्र लागले की कोकणची बंदरे बंद होत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत गलबते हाकारली जात नसत. वेंगुर्ल्याचे बंदर तसे उघडेच. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगरून माल होड्यांतून चढवावा लागे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या बुडत्या खडकांमुळे आसरा मिळतो, पण तेच खडक परक्या तांडेलाला घातक ठरतात. त्यामुळे मोठ्या मालाची वाहतूक तेथे कधी स्थिरावली नाही. पतेमाऱ्या व मचवे मिळेल तेवढा कापूस भरून मुंबई गाठीत. उरलेला माल पावसाळाभर बंदरात अडकला, तर ओल लागून खराब होण्याची भीती असे आणि तोवर मुंबईचा भाव कोठे जाईल याचा नेम नसे. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून जाणारी तारायंत्राची जोडणी पूर्ण होईपर्यंत विलायतेची बातमी आगबोटीच्या टपालाने, बहुधा महिनाभराने येई. व्हर्जिनियातील एखाद्या लढाईचा परिणाम लिव्हरपूलच्या बाजारावर, तेथून मुंबईवर आणि मग बंदरातल्या अडत्यावर अशा टप्प्यांनी होत असे.

चढ्या भावाबरोबर भेसळही वाढली. वजन वाढविण्यासाठी कापसात सरकी, माती व पाणी मिसळले जाई. त्याला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ चा नववा कायदा करून कापसाची तपासणी करणारे निरीक्षक नेमले.

कारवारची स्पर्धा

मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना मुंबईच्या दलालांवाचून धारवाडचा कापूस थेट विलायतेला न्यायचा होता. त्यासाठी त्यांनी काळी नदीच्या मुखाजवळील सदाशिवगड-कारवारची निवड केली. तेथे खोल पाण्याचे नैसर्गिक बंदर होते. त्यांच्या आग्रहाचा एक परिणाम म्हणजे १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. मँचेस्टर कॉटन कंपनीने आपला प्रतिनिधी व यंत्रसामग्री कारवारला पाठविली. पण धक्का व घाटरस्ता वेळेवर तयार झाले नाहीत आणि कंपनीचा उद्योग फसला. सरकारने रस्ते बांधावेत की भांडवलदारांनी, हा वाद पुढे बराच काळ चालला. तूर्त वेंगुर्ले बंदराला मिळालेला दिलासा हा असा दुसऱ्याच्या अपयशातून आलेला होता.

भारतीय किनाऱ्याजवळील युद्धनौका

युद्धातील प्रत्यक्ष चकमकी अमेरिकेत व अटलांटिक महासागरात झाल्या. दक्षिणेची 'अलाबामा' ही नौका मात्र रॅफेल सेम्स याच्या नेतृत्वाखाली हिंदी महासागरात आली होती. इंग्लंडमधील बर्कनहेड येथे बांधलेली ही नौका उत्तरेची व्यापारी जहाजे पकडून जाळीत असे. जानेवारी १८६४ मध्ये तिने मलबार किनाऱ्यापासून जवळ 'एमा जेन' हे अमेरिकन जहाज जाळले व त्यावरील माणसांना आजच्या केरळातील अंजेंगो येथे उतरविले. कोकण किनारा याच समुद्रपट्टीवर उत्तरेला आहे. तिकडे ती आली नाही. त्याच वर्षी १९ जून रोजी फ्रान्समधील शेरबूर बंदराबाहेर ही नौका बुडाली.

मुंबईतील तेजी

कापसाच्या वाढीव भावापोटी युद्धाच्या काळात मुंबईत नेहमीच्या मानाने सात ते आठ कोटी पौंड जास्त आले, असे मानले जाते. या पैशाला पुरेसा उद्योग नव्हता. तो बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांत शिरला. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूमिकंपन्या होत्या. बॅकबे भरावाच्या कंपनीचा ५ हजार रुपये भरणा केलेला शेअर ५० हजारांच्या आसपास विकला गेला. प्रेमचंद रायचंद हे या व्यवहारांचे केंद्र होते. त्यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. किल्ल्याचा तट पाडणे, रस्ते, नव्या इमारती अशी शहरसुधारणेची कामे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२–१८६७) याच सुमारास निघाली.

ली शरण आल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा शेअरांच्या वायद्यांचा हिशेब पुरा करण्याचा दिवस होता. त्या दिवशी शेकडो व्यापारी बुडाले. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. नुकसान केवळ पारशी, भाटिया, गुजराती पेढ्यांचे झाले असे नाही. सिंधुदुर्गालगतच्या पेडणे महालातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनाही शेअरच्या व्यवहारात मोठी खोट बसली. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले; तेजी ऐन रंगात असतानाच्या शहराचे ते मराठीतील महत्त्वाचे चित्र आहे, मात्र शेवटची पडझड त्यात येऊ शकली नाही.

मजुरी, महागाई आणि स्थलांतर

दक्षिण कोकणात या पैशाचा वाटा किती राहिला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. पीक धारवाडकडचे, भांडवल मुंबईचे आणि गिऱ्हाईक लँकेशायरचे. वेंगुर्ले ही मधली वाट होती. हमाल, गाडीवान, खलाशी, अडते व वखारवाले यांना मजुरी व दलाली मिळाली. नफ्याचा मोठा भाग त्यांच्या हातून पुढे गेला. देशावरच्या कापूसपट्ट्यातील शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. कोकणात तशी गोष्टही कोणी सांगत नाही.

महागाई मात्र कोकणच्या वाट्याला पुरेपूर आली. इलाख्यात चांदी मोठ्या प्रमाणावर उतरल्याने सर्वच वस्तूंचे भाव चढले. घाटावरील काही जमीन धान्याऐवजी कापसाखाली गेली. ज्या मुलखाला वर्षाचे काही महिने विकतच्या धान्यावर काढावे लागत, त्याला ही भाववाढ थेट भोवली. नारळ-मासळी विकणाऱ्याला चढ्या भावाचा काही फायदा झाला असेल, पण भात विकत घेणारा कूळ व मजूर यांच्यासाठी १८६० चे दशक महागाईचेच होते.

त्याच वेळी मुंबईत भराव, रस्ते, गोद्या, रेल्वे व इमारतींच्या कामांवर मजुरीचे दर वाढले. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला जाण्याचा प्रघात जुना होता. लष्कर, पोलीस व घरकाम यांत येथील माणसे आधीपासून होती. तेजीच्या काळात या प्रवाहाला वेग आला. भाताची लावणी उरकून किंवा कापणी झाल्यावर गलबताने मुंबई गाठायची आणि पेरणीपूर्वी परतायचे, हा क्रम अनेक घरांत रुळला. १८६४ मधील शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. तेजी ओसरल्यानंतर १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली. या दोन आकड्यांमधील तफावत मोजणीच्या पद्धतीमुळेही असू शकते, पण मंदीनंतर हजारो माणसे शहरातून परत गेली हे निश्चित.

कापडगिरण्यांच्या बाबतीत एक गैरसमज टाळला पाहिजे. मुंबईतील पहिल्या गिरण्या युद्धापूर्वीच, १८५० च्या दशकात निघाल्या होत्या. युद्धकाळात कच्चा कापूसच महाग झाल्याने त्यांचे नुकसान झाले. हातमागावर विणणाऱ्यांचे तर त्याहून अधिक. गिरण्यांची खरी वाढ १८७० च्या दशकात झाली. तोपर्यंत कोकणातल्या माणसाला मुंबईची वाट, तेथील गाववाल्यांची खोली आणि मुकादमाची ओळख झालेली होती. पुढील अनेक दशके मुंबईतील परगावी जन्मलेल्या लोकांत रत्नागिरी जिल्ह्याचा क्रमांक वरचा राहिला, आणि त्यांत मालवण-वेंगुर्ल्याकडचा वाटा मोठा होता.

युद्धानंतर

अमेरिकन कापूस बाजारात परतल्यावर भारतीय कापसाचे भाव उतरत गेले. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती आणि त्याच चढ्या भावांच्या आधारे पुढे सारावाढीची नवी आकारणी झाली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांची कारणे शोधताना चौकशी आयोगाने अमेरिकन युद्धकाळातील तेजी व नंतरची मंदी यांचाही विचार केला. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला. दक्षिण कोकणात असे दंगे झाले नाहीत. येथे जमिनीच्या कुरबुरी सावकारापेक्षा खोताशी अधिक निगडित होत्या आणि त्यांचा निकाल लागायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात १९३७ मध्ये मांडले होते.

वेंगुर्ल्याचा घाटमाथ्याशी असलेला व्यापार युद्धानंतरही आणखी वीसेक वर्षे चालला. १८८० च्या दशकात दक्षिण मराठा रेल्वे बेळगाव-धारवाड भागात आली आणि १८८८ मध्ये ती गोव्यातील मार्मागोवा बंदराशी जोडली गेली. त्यानंतर धारवाडच्या कापसाला घाट उतरून वेंगुर्ले गाठण्याचे कारण उरले नाही. बंदरावरील वखारी हळूहळू रिकाम्या झाल्या.

गुलामगिरी: कायदा आणि विचार

ज्या संस्थेपायी अमेरिकेत युद्ध झाले, ती या किनाऱ्याला अपरिचित नव्हती. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी व बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात. पोर्तुगीज गोव्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार असलेल्या डच कंपनीचा पूर्व किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार चाले. १६७७ च्या कर्नाटक स्वारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी तिला दिलेल्या सनदेत आपल्या राज्यात माणसांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली होती. मात्र अमेरिकेतील मळ्यांची गुलामगिरी आणि येथील घरगुती दास्य यांचे स्वरूप वेगळे होते. येथे शेतीचा मुख्य भार गुलामांवर नसून कुळांवर, बलुत्यांवर व वेठीवर होता.

कंपनी सरकारच्या मुलखात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्काला न्यायालयात मान्यता देणे बंद झाले. माणूस गुलाम म्हणून विकणे वा विकत घेणे हा गुन्हा ठरविणारी भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आली. लिंकन यांच्या मुक्तिघोषणेच्या बरोबर एक वर्ष आधीची ही तारीख आहे, पण या कायद्याचा तसा गाजावाजा झाला नाही. हे कायदे सावंतवाडीसारख्या संस्थानी मुलखाला आपोआप लागू होत नव्हते. तेरेखोलपलीकडे, पोर्तुगीज अमलाखालील प्रदेशांत, गुलामगिरी १८६९ च्या फर्मानाने रद्द झाली.

मराठीत या युद्धाचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे लावला तो जोतीराव फुले यांनी. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सज्जन लोकांस अर्पण केला. निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दलचा आदर आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंना ब्राह्मणी दास्यातून सोडविताना तोच कित्ता गिरवावा ही इच्छा, अशी दोन कारणे अर्पणपत्रिकेत आहेत. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादरूपाने लिहिलेल्या या ग्रंथात अमेरिकेतील गुलामांची व येथील शूद्रातिशूद्रांची स्थिती यांची तुलना आहे. गुलाम होण्यासाठी बाजारात विकले जाणे आवश्यक नाही, जन्मानेच माणसाला दास ठरविणारी व्यवस्था तेच काम करते, असा फुले यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली.

फुले यांनी ही अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत मुक्त झालेल्यांचे मताधिकार अजून पुरते हिरावले गेलेले नव्हते. १८७७ नंतर उत्तरेचे सैन्य तेथून निघाले आणि वर्णभेदाचे नवे कायदे राज्याराज्यांत होऊ लागले. कापूस मात्र पुन्हा तेथूनच लिव्हरपूलला जात होता. आता तो पिकविणाऱ्यांत बटाईवर राबणारी, सावकाराच्या कर्जात बांधलेली मुक्त कुटुंबे होती.